ब्राउन्सविलच्या वाण्याचा मुलगा

महाराष्ट्राला यहुदी समाज परका नाही. कुलाबा जिल्ह्यात गावोगावी तेलाचे घाणे चालविणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आणि म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले गेलेले बेने इस्रायल लोक आपल्या मुलखात कित्येक शतके नांदले, मराठी बोलले, बायबलातील आख्यानांवर त्यांनी मराठीत कीर्तने केली, आणि धर्मापायी घरदार टाकून पळण्याची पाळी या भूमीत त्यांच्यावर आली नाही. पूर्व युरोपातील त्यांच्या धर्मबांधवांचे प्राक्तन निराळे होते. रशियाच्या झारच्या अमलात 1881 सालापासून उसळलेल्या दंगली, राहण्यावर आणि धंद्यावर घातलेले निर्बंध, सक्तीची लष्करी चाकरी, आणि शेजारच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील गॅलिशिया प्रांतात तर या साऱ्यापेक्षाही असह्य झालेले दारिद्र्य, यांमुळे 1924 साली अमेरिकेने परदेशीयांना आपले दार जवळजवळ लावून घेईपर्यंत वीस लक्षांहून अधिक यहुदी अटलांटिक ओलांडून गेले. त्यांतील एका कुटुंबाची, आणि त्या कुटुंबातून निघालेल्या एका पदार्थवैज्ञानिकाची हकीकत मला येथे सांगावयाची आहे. अशा हकीकती एका ठरावीक साच्यात घालून सांगण्याचा प्रघात पडला आहे: घरी रूढी आणि अंधश्रद्धा, बाहेर विज्ञानाचा उजेड, आणि एके दिवशी मुलगा उंबरठा ओलांडून त्या उजेडात जातो. इसिडोर राबी यांचे चरित्र बारकाईने पाहणाऱ्यास हा साचा तोकडा वाटल्यावाचून राहणार नाही.

राबी यांचा जन्म 29 जुलै 1898 रोजी गॅलिशियातील रिमानोव्ह या लहानशा गावी झाला; हे गाव आज पोलंडच्या हद्दीत आहे. वडील डेव्हिड मुलाच्या जन्मानंतर लवकरच एकटे न्यूयॉर्कला गेले, आणि प्रवासखर्चाची तजवीज होताच त्यांनी पत्नी शेंडल व तान्हे मूल यांना बोलावून घेतले. हे 1899 साल. मॅनहॅटन बेटाच्या ज्या भागास लोअर ईस्ट साइड म्हणतात, तेथील कोंदट चाळींपैकी एकीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड त्यांनी थाटले. गाठीस कसबी विद्या नसलेल्या माणसाला जो मिळेल तो रोजगार करावा लागतो. डेव्हिड यांनीही पडेल ते काम केले, आणि पुढे शिवणाच्या कारखान्यांत बायकांची झंपरे शिवून संसार चालविला. मुलाचे नाव इस्रायल आयझॅक. घरी त्याला इझी म्हणत. आईने शाळेत नाव घालताना ‘इझी’ एवढेच सांगितले, आणि तेथल्या दप्तरात नोंदणाऱ्याने ते आपल्या समजुतीप्रमाणे ‘इसिडोर’ असे लिहून घेतले. पुढे नोबेल पारितोषिकावर कोरले गेले ते हेच नाव.

घरची भाषा यिद्दिश. घरातील आचार सनातनी यहुद्यांचा, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत चूल पेटवावयाची नाही, पैशाला हात लावावयाचा नाही, वाहनात बसावयाचे नाही. दुधाची भांडी निराळी, मांसाची निराळी. उठल्यापासून निजेपर्यंत प्रत्येक कृतीला तिचा तिचा आशीर्वचनाचा मंत्र. तिसऱ्या वर्षी मुलाला खेडरमध्ये, म्हणजे हिब्रू अक्षरे आणि धर्मग्रंथ शिकविणाऱ्या गावठी शाळेत घातले गेले. राबी पुढे आठवणी सांगत, त्यांत दोन गोष्टी वारंवार येत. एक ही, की त्या घरात देवाचे नाव आल्यावाचून साधे वाक्यसुद्धा पुरे होत नसे. दुसरी ही, की ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथातील सृष्टिरचनेचे वर्णन ऐकून त्या लहान मुलाच्या मनावर जो गंभीर ठसा उमटला, तो वार्धक्यातही पुसला गेला नव्हता. एकदा रस्त्याच्या टोकाशी अकस्मात वर आलेला भला थोरला चंद्र पाहून तो विलक्षण भ्यालाही होता. जग हे कोणी तरी घडविले आहे, ते आश्चर्यकारक आहे, आणि त्याची उपपत्ती विचारणे हे माणसाचे कर्तव्य आहे, असे संस्कार शाळेच्या फळ्यावर धडा लिहून होत नसतात. ते अशाच घरात होतात.

1907 च्या सुमारास हे कुटुंब ब्रुकलिनमधील ब्राउन्सविल या वस्तीत राहावयास गेले आणि डेव्हिड यांनी तेथे किराणा मालाचे दुकान काढले. वस्ती पुन्हा यहुद्यांचीच, गरिबांचीच. मात्र तेथे एक नवी गोष्ट होती: सार्वजनिक ग्रंथालयाची शाखा. अँड्र्यू कार्नेजी यांच्या देणग्यांतून त्या वर्षांत ब्रुकलिनभर ग्रंथालये उभी राहत होती, आणि त्यांच्या कपाटांना काचेची दारे लावून कुलूप घालण्याचा शिरस्ता नव्हता. वाण्याच्या मुलाने आत जावे, हात घालून पुस्तक काढावे, घरी न्यावे. इझीने विज्ञानाचे कपाट वर्णानुक्रमाने वाचावयास घेतले, आणि इंग्रजी वर्णमालेत खगोलशास्त्र पहिल्या अक्षराखाली येत असल्यामुळे, त्याच्या हाती प्रथम पडले ते ग्रहताऱ्यांवरचे पुस्तक. त्यात कोपर्निकसची सूर्यमाला होती. चंद्राच्या कला का होतात, ऋतू का पालटतात, सूर्य का उगवतो, या साऱ्यांचा उलगडा काही वर्तुळांच्या एका आकृतीने व्हावा, या गोष्टीने तो मुलगा भारावून गेला. आणि घरी परतून त्याने आईबापांना सांगून टाकले की, हे सारे फार सोपे आहे, यात देवाची गरज कोणाला?

येथवर गोष्ट साच्याप्रमाणेच चालली आहे. परंतु यापुढे घडले ते पाहावे. सनातनी घरातील दहा-अकरा वर्षांचा पोर असे बोलला म्हणून घरात मारझोड झाली नाही, पोराला घराबाहेर काढले गेले नाही, पुस्तके जप्त झाली नाहीत. दोन वर्षांनी बार मित्स्वाची वेळ आली. तेराव्या वर्षी यहुदी मुलगा धर्माज्ञा पाळण्यास जबाबदार होतो आणि त्या प्रसंगी सिनेगॉगमध्ये तोरा या धर्मग्रंथाचा भाग वाचून प्रवचन करतो. आपल्या मुंजीएवढा हा संस्कार महत्त्वाचा. इझीला तो नको होता. आईबापांना तो टळावयास नको होता, कारण तो टळणे म्हणजे आप्तांत आणि जातीत तोंड दाखविण्याची चोरी. तेव्हा उभय पक्षांत तडजोड ठरली: समारंभ सिनेगॉगमध्ये न होता घरी होईल, आणि प्रवचन मुलगा स्वतःच्या आवडीच्या विषयावर करील. 1911 साली जमलेल्या दाढीवाल्या वडीलधाऱ्यांपुढे त्याने यिद्दिश भाषेत जे प्रवचन दिले, त्याचा विषय होता विजेचा दिवा कसा पेटतो.

या एका प्रसंगापाशी मला थांबावेसे वाटते, कारण राबी यांच्या घडणीचे रहस्य बहुतांशी त्यात आहे असे माझे मत आहे. प्रवचनाचा विषय धर्माचा नव्हता हे खरे. पण उभे राहून, श्रोत्यांना प्रमाण देऊन, आक्षेपांची उत्तरे देत एखादा विषय उलगडून दाखविण्याची जी रीत होती, ती ताल्मूद या धर्मशास्त्राच्या पाठशाळांत शतकानुशतके घोटली गेलेली रीत होती. त्या परंपरेत विद्या ही पोटापाण्याची सोय नसते, ती उपासना असते. आणि अज्ञान हा दोष असला तरी प्रश्न विचारणे हा कधीच दोष नसतो. राबी यांना उतारवयात कोणी विचारले की आपण वैज्ञानिक कसे झालात, तेव्हा त्यांनी श्रेय दिले ते आईला. शेजारच्या बायका शाळेतून आलेल्या मुलांना आज काय शिकलास म्हणून विचारीत. शेंडल राबी विचारीत की, इझी, आज तू एखादा चांगला प्रश्न विचारलास का? या बाईंना आधुनिक विज्ञानाचा गंध नव्हता. परंतु कोणता प्रश्न चांगला हे ओळखणे हाच पंडिताचा गुण, ही जाणीव त्यांच्या जातकुळीतच होती, आणि ती त्यांनी आपल्या नास्तिक म्हणविणाऱ्या मुलाला निर्मळ मनाने देऊन टाकली.

तेवढ्यावर कोणी वैज्ञानिक होत नाही. मुलाने तारायंत्र आणि बिनतारी यंत्र घरी जुळविले. प्राथमिक शाळेत असतानाच विद्युत्संधारकाच्या रचनेवरचा त्याचा एक छोटा लेख ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ या मासिकात आला. ब्राउन्सविलची हुशार यहुदी पोरे ज्या शाळेत जात, ती सोडून त्याने मुद्दाम ब्रुकलिनची मॅन्युअल ट्रेनिंग हायस्कूल ही हस्तकौशल्याची शाळा निवडली; आपल्याच जातीच्या कुंपणात आयुष्य काढावयाचे नाही, हा त्यामागचा विचार. 1916 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश, आरंभी विद्युत्-अभियांत्रिकी, मग रसायन, आणि 1919 मध्ये पदवी. त्यापुढची तीन वर्षे मात्र फुकट गेली. रसायनाच्या कारखान्यांत आणि महाविद्यालयांत यहुद्यांना सहसा नेमीत नसत. थोडे दिवस एका प्रयोगशाळेत पृथक्करणाचे काम, थोडे दिवस हिशेबनिसी, बाकी बेकारी. याच सुमारास हार्वर्डच्या अध्यक्षांनी यहुदी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव उघडपणे मांडला होता, आणि कोलंबिया विद्यापीठाने तर प्रवेशाच्या अर्जांत फेरफार करून तेच काम गाजावाजा न करता पार पाडले होते. स्थलांतरितांच्या यशाच्या कथा सांगताना हा भाग गाळण्याची रीत आहे. ती अप्रामाणिक आहे, कारण त्या बंद दारांपुढे जे थांबले आणि तेथेच संपले, त्यांची नावे कोणत्याच सूचीत नाहीत.

1922 मध्ये राबी पुन्हा कॉर्नेलला गेले, आणि तेथे त्यांच्या ध्यानात आले की रसायनातील जो भाग आपल्याला आवडतो, त्याचे नाव पदार्थविज्ञान आहे. पुढल्या वर्षी ते कोलंबियात दाखल झाले. निमित्त विद्येचे जेवढे, तेवढेच हेलन न्यूमार्क या न्यूयॉर्कच्या तरुणीचे. 1926 साली त्यांचा विवाह झाला. निर्वाहासाठी 1924 पासून ते सिटी कॉलेजात शिकवीत. हे न्यूयॉर्क शहराने चालविलेले महाविद्यालय. तेथे फी नसे आणि जातीची चौकशीही नसे, म्हणून शिंप्यांची, वाण्यांची, फेरीवाल्यांची हजारो मुले तेथून शिकून बाहेर पडली. ग्रंथालय आणि हे महाविद्यालय, या दोन सार्वजनिक तरतुदी नसत्या, तर घरच्या संस्कारांचे फळ घरातच सुकून गेले असते.

प्रबंधासाठी त्यांना स्फटिकांची चुंबकीय ग्राह्यता मोजावयाची होती. हे काम किचकट; स्फटिकाचे तुकडे काटेकोर कापावयाचे, चुंबकीय क्षेत्र अचूक मोजावयाचे, आणि तरी चुका राहावयाच्या. राबी यांनी मॅक्सवेलचा ग्रंथ वाचता वाचता एक युक्ती शोधली. स्फटिक एका द्रावणात टांगावयाचा आणि द्रावणाची तीव्रता पालटीत जावयाचे. दोहोंची ग्राह्यता ज्या क्षणी समान होईल, त्या क्षणी चुंबक चालू केला तरी स्फटिक जागचा हलणार नाही. मग मोजावयाचे ते फक्त द्रावण, आणि ते मोजणे सोपे. सोपेपणाचा हा ध्यास त्यांच्या सर्व कामात दिसतो. कोपर्निकसच्या आकृतीने लहानपणी जो आनंद दिला, त्याचाच हा शोध होता असे म्हणावयास हरकत नाही.

1927 मध्ये ते युरोपात गेले. पुंज-यामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) नुकतीच जन्मली होती. झुरिक, म्युनिक, कोपनहेगन, हॅम्बुर्ग, लाइप्झिग, जेथे जेथे नवे विज्ञान घडत होते तेथे तेथे ते गेले. हॅम्बुर्गमध्ये ऑटो स्टर्न यांच्या प्रयोगशाळेत निर्वात पोकळीतून रेणूंची बारीक शलाका सोडून तिच्यावर चुंबकाचा परिणाम पाहण्याचे तंत्र त्यांनी आत्मसात केले आणि त्यात स्वतःची सुधारणाही सुचविली. 1929 मध्ये कोलंबियाला पुंज-यामिकी शिकविणारा माणूस हवा होता. हायझेनबर्ग यांनी राबी यांचे नाव सुचविले. ज्या विद्यापीठाने यहुदी विद्यार्थ्यांना दाराबाहेर ठेवण्याची व्यवस्था केली होती, त्याच्याच पदार्थविज्ञान विभागात रिमानोव्हचा हा मुलगा व्याख्याता झाला.

प्रयोगशाळेला पैसा नव्हता. तो मिळाला हॅरॉल्ड युरी यांच्या औदार्यामुळे: जड हायड्रोजनच्या शोधासाठी नोबेल मिळालेल्या या सहकाऱ्याने कार्नेजी निधीतून स्वतःस मिळालेल्या अनुदानाची अर्धी रक्कम राबी यांच्या हवाली केली. त्या पैशावर, झकॅरियास, मिलमन, कुश, रॅमसे अशा तरुण मंडळींसह, 1937-38 मध्ये राबी यांनी जो प्रयोग सिद्ध केला, त्यावर पुढे एक शास्त्रच उभे राहिले. अनेक अणूंचे केंद्रक हा एक सूक्ष्म चुंबक असतो आणि बाह्य चुंबकीय क्षेत्रात तो ठरावीक गतीने भोवंडतो. ती गती मोजावी कशी? सतारीवर मुख्य तारेतून योग्य तो सूर निघाला की खालची तरफेची तार न छेडताच झंकारते, तद्वत् रेणूंच्या शलाकेवर बारीक आंदोलित क्षेत्र सोडून त्याची वारंवारता हळूहळू पालटीत नेली, तर नेमक्या एका वारंवारतेला केंद्रके आपली दिशा पालटतात. दिशा पालटली की त्या रेणूंचा मार्ग चुकतो, शलाका शोधकयंत्रावर क्षीण पडते, आणि आलेखावर एक खळगा उमटतो. तो खळगा जेथे पडला ती वारंवारता, आणि तीवरून केंद्रकाचा चुंबकीय आघूर्ण. या चुंबकीय अनुनादाच्या पद्धतीसाठी राबी यांना 1944 चे नोबेल पारितोषिक एकट्यास मिळाले.

राबी यांनी माणसेही उचलली. सिटी कॉलेजात वर्ग चुकविल्यामुळे गुण घसरलेला सतरा वर्षांचा एक मुलगा, तोही पूर्व युरोपीय यहुदी घरातला, त्यांनी खटपट करून कोलंबियात आणला. त्याचे नाव ज्यूलियन श्विंगर. त्याला 1965 मध्ये नोबेल मिळाले.

आणि त्याच कोलंबियाच्या प्यूपिन प्रयोगशाळेत, 1939 च्या जानेवारीत, एन्रिको फर्मी अणुविभाजनावर बोलावयास उभे राहिले तेव्हा खोली इतकी भरली होती की एक विद्यार्थिनी जणू वरच्या तुळयांपाशी लोंबकळत ऐकत होती. ती हंटर कॉलेजात शिकणारी रोझलिन सुसमन. तिच्या आईबापांपैकी कोणाचे माध्यमिक शिक्षणही पुरे झालेले नव्हते. पदार्थविज्ञानात तिने पदवी घेतली, पण पुढल्या शिक्षणासाठी एका विद्यापीठाने कळविले ते असे, की ही न्यूयॉर्कची, यहुदी, आणि त्यात बाई. पुढे हिला नोकरी मिळेल याची हमी कोण घेणार? म्हणून ती लघुलेखनिकेचे काम धरून बसली. युद्धामुळे पुरुष विद्यार्थी कमी पडले, तेव्हा 1941 मध्ये इलिनॉय विद्यापीठाने तिला घेतले. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या चारशे अध्यापकांत आणि साहाय्यकांत ती एकटी स्त्री. ॲरन यॅलो या रब्बीच्या मुलाशी तिचे लग्न झाले, आणि त्या घरात आहाराचे सर्व यहुदी निर्बंध ती स्वतः पाळीत राहिली. ब्राँक्समधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात, झाडूवाल्याचे सामान ठेवण्याच्या खोलीत मांडलेल्या प्रयोगशाळेतून, सॉलोमन बर्सन यांच्यासह तिने रक्तातील अत्यल्प संप्रेरके किरणोत्सर्गी खुणेने मोजण्याची पद्धती शोधून काढली. मधुमेहाच्या रोग्यांचे शरीर टोचलेल्या इन्सुलिनविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते, हा त्यातला आरंभीचा निष्कर्ष प्रसिद्ध नियतकालिकांनी प्रथम परत पाठविला होता. त्या पद्धतीचे एकस्व दोघांनीही घेतले नाही. बर्सन 1972 मध्ये वारले. रोझलिन यॅलो यांना 1977 मध्ये नोबेल मिळाले. राबी यांनी आचार सोडला, यॅलो यांनी राखला. विज्ञानाला दोघांचीही अडचण झाली नाही. ज्यांना धर्म आणि विज्ञान यांचे एकच एक समीकरण मांडावयाचे असते, त्यांनी ही दोन चरित्रे शेजारी ठेवून वाचावीत.

युद्धकाळात राबी रडारच्या संशोधनात होते. लॉस ॲलामॉस येथील अणुबाँबच्या प्रयोगशाळेचे उपसंचालकपद तिचे संचालक ओपेनहायमर यांनी देऊ केले असताही ते त्यांनी नाकारले आणि केवळ सल्लागार म्हणून गेले. 1949 साली हायड्रोजन बाँब करावा की नाही हा प्रश्न अमेरिकन सरकारच्या सल्लागार समितीपुढे आला, तेव्हा फर्मी आणि राबी यांनी स्वतंत्र निवेदन जोडून, हे अस्त्र कोणत्याही दृष्टीने पाहिले तरी दुष्टच आहे, असे निःसंदिग्धपणे लिहून दिले. ती भाषा हिशेबनिसाची नाही, प्रेषितांच्या ग्रंथांवर वाढलेल्या माणसाची आहे. सरकारने तो सल्ला मानला नाही. 1950 साली फ्लॉरेन्सच्या युनेस्को परिषदेत त्यांनी युरोपीय राष्ट्रांच्या सामाईक प्रयोगशाळेचा ठराव मांडला, आणि त्यातून जिनीव्हाजवळ सर्न उभे राहिले. 1955 च्या ऑगस्टमध्ये जिनीव्हासच अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष मुंबईचे होमी भाभा आणि तिच्या मूळ प्रवर्तकांतील एक राबी. त्या कामासाठी नेमलेल्या शास्त्रीय सल्लागार समितीत दोघे एकत्र बसले.

धर्माविषयी राबी पुढे काय म्हणत? प्रार्थनेला ते जात नसत; पण कोणत्या प्रार्थनामंदिरात जात नाही असे विचारले, तर सनातनी यहुद्यांच्याच, असे त्यांचे उत्तर असे; आपण ज्याला कमी पडलो तो धर्म तोच, असे ते मानीत. पदार्थविज्ञान आपल्याला विस्मयाने भारते, ते देवाजवळ नेते, असेही ते बोलून दाखवीत, आणि एखाद्या विद्यार्थ्याचे संशोधन क्षुल्लक वाटले तर, यातून तू देवाच्या जवळ जाणार आहेस का, असे त्याला विचारीत. देवाचे अस्तित्व त्यांनी सिद्ध मानले असे यावरून म्हणता येत नाही. परंतु कामाची योग्यता ठरविण्याचे माप त्यांनी बापाच्या घरातूनच आणले होते, एवढे निश्चित म्हणता येते.

1946 मध्ये पर्सेल आणि ब्लॉक यांनी राबी यांचा चुंबकीय अनुनाद घन आणि द्रव पदार्थांत दाखविला. त्यातून रसायनशास्त्राला रेणूंची रचना ओळखण्याचे साधन मिळाले आणि वैद्यकाला शरीराच्या आतील चित्र काढणारे एमआरआय यंत्र. अखेरच्या आजारात राबी यांना स्वतःलाच त्या यंत्रात घालण्यात आले, तेव्हा आपले काम येथवर पोहोचेल असे कधी वाटले नव्हते, असे उद्गार त्यांनी काढले. अणूवर चालणाऱ्या घड्याळाची कल्पना त्यांनी 1945 च्या जानेवारीतच जाहीर व्याख्यानात मांडली होती. 1967 मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने सेकंदाची व्याख्या सीझियमच्या 9,192,631,770 आंदोलनांवरून ठरविली, आणि त्याच वर्षी ते कोलंबियातून निवृत्त झाले. 11 जानेवारी 1988 रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. जॉन रिग्डेन यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र त्याआधी वर्षभर, 1987 साली प्रसिद्ध झाले होते. ते विज्ञानाच्या वाचकांनी तर वाचावेच. पण ज्यांच्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी आज मोठ्यांना न पटणारे प्रश्न विचारीत आहे, त्या आईबापांनी ते आधी वाचावे.